बाराव्या डब्यातलं चौदावं रीळ

“मॅडम, डब्यावर बारा लिहिलंय आणि आत चौदा आहे.”

प्रज्ञा कांबळे हे म्हणाली तेव्हा मी तांबेखोलच्या विठाई टॉकीजच्या मशीनघरात उभी राहून माझ्या एकवीस विद्यार्थ्यांना प्रोजेक्टरची ओळख करून देत होते. मशीनघर म्हणजे जेमतेम दहा बाय आठची खोली. सात-सात जणांनी आळीपाळीनं आत यायचं असं ठरलं होतं, पण पहिले सात बाहेर जायला तयार नव्हते आणि पुढचे सात आत घुसले होते. त्या गर्दीत प्रज्ञानं खाली बसून एक पत्र्याचा डबा उघडला होता आणि रिळाच्या सुरुवातीची हातभर फिल्म उजेडासमोर धरली होती.

“बघू,” मी म्हटलं.

डब्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं मराठी बारा काढलेला होता. फिल्मच्या सुरुवातीच्या काळ्या पट्टीवर मात्र लॅबनं छापलेला आकडा होता, आणि तो स्वच्छ चौदा होता.

“पुढचे दोन पण चुकलेत,” प्रज्ञा म्हणाली. “तेराच्या डब्यात बारा आहे, चौदाच्या डब्यात तेरा.”

मला ते ऐकायचंच नव्हतं. का नव्हतं हे सांगायचं तर मला थोडं मागं जावं लागेल, पण फार नाही, दोन वर्षंच.

मशीनघरातला तो दिवस दोन हजार आठच्या फेब्रुवारीतला. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि एकाच वेळी तीन माणसं होते. सकाळी कोल्हापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर ‘चित्रपट आस्वाद’ शिकवणारी सरनोबत मॅडम. दुपारी ‘पडद्यापार’ या त्रैमासिकाची सहायक संपादक, म्हणजे संपादक बुधकर सरांच्या घरी बसून इतरांच्या लेखांतली वाक्यं कापणारी शर्वरी. आणि उरलेल्या वेळात स्वतःचा लेख लिहिणारी एक बाई, जिला नाव घेण्याइतकीही उसंत नसायची. या तिघींचं आपसांत पटत नसे. एकदा मी एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत अख्खा परिच्छेद प्रूफवाल्यांच्या खुणेनं उडवला होता आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या लेखावर समासात ‘चांगला प्रयत्न, दहापैकी पाच’ असं लिहून तो त्यांना परत पाठवला होता. पाचच का, असं विचारणारं त्यांचं पत्र सरांनी जपून ठेवलं आहे.

पण लेख! लेखावर माझा जीव होता. ‘गंगेची पाठवणी’ हा एकोणीसशे छप्पन सालचा मराठी चित्रपट. दिग्दर्शक निगवेकर हे तेव्हाही फारसे कुणाला माहीत नव्हते आणि आता तर कुणालाच नाहीत. एका संग्राहकानं या चित्रपटाच्या शिल्लक राहिलेल्या एकुलत्या एका प्रतीवरून सीडी केली होती. ती मी चाळीसएक वेळा पाहिली. गोष्ट साधी. सासरच्यांनी संशय घेऊन घराबाहेर काढलेली गंगा, जत्रेत हरवलेलं तिचं मूल, नदीकाठी भटकणं. पण शेवट साधा नव्हता. शेवटाच्या थोडं आधी नवरा मूल घेऊन येतो, चूक कबूल करतो, गंगा घरी जाते, बायका तिची ओटी भरतात. आणि मग काही न सांगता गंगा पुन्हा एकटी, जत्रेत मूल शोधत, नदीकाठी, देवळाच्या पायरीवर पाण्याकडे बघत बसलेली. समाप्त.

मला वेड लागायचं बाकी होतं. छप्पन साली एका मराठी दिग्दर्शकानं सुखाचा शेवट दाखवला आणि दुसऱ्याच क्षणी तो गंगेच्या मनातला आभास होता असं सांगून काढून घेतला! दोन वर्षं खपून मी एकतीस पानं लिहिली. नाव दिलं ‘परतीचा आभास’. अंकातला तो पहिला लेख होता. अंक शनिवारी दुपारी छापखान्यात जायचा होता, मंगळवारी हातात येणार होता, आणि बुधवारी कॉलेजातल्या कायमच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. छापून आलेला शोधनिबंध असल्याशिवाय समितीसमोर उभं राहण्यात अर्थ नाही, असं मला तिघाचौघांनी बजावलं होतं. माझ्याकडे तो एकच होता.

आणि आज शुक्रवार होता.

“लॅबमध्ये आकडे चुकतात कधी कधी,” मी प्रज्ञाला म्हटलं. “घाईघाईत छापायचे ना ते.”

“तीन चुकतात?”

“तीनही चुकतात. ठेव ते डब्यात, फिल्मवर बोटं उमटतील.”

तिनं रीळ डब्यात ठेवलं. पण तिचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसलं. मी पाच महिने त्या मुलांना सांगत होते की, सिनेमा डोळ्यांनी बघा, पुस्तकानं बघू नका. तिनं तेच केलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं होतं.

एवढ्यात चहा सांगायला गेलेले बाबालालचाचा परत आले. बाबालाल मुल्लाणी हे विठाई टॉकीजचे ऑपरेटर. टॉकीज बंद पडून अकरा वर्षं झाली होती, पण चाचा रोज येऊन मशीन पुसत. ‘गंगेची पाठवणी’ची ती एकुलती एक प्रत त्यांच्यापाशी होती. कंपनी बुडाली, प्रत न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून ती राहिली. संग्राहकानं सीडी याच प्रतीवरून केली होती, हे मला महिन्याभरापूर्वी कळलं होतं आणि मुलांना खरी फिल्म दाखवायची म्हणून मी ही सहल काढली होती. बहात्तर वर्षांचे चाचा अंगानं काटकुळे होते, पण त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

“चाचा,” प्रज्ञानं सरळ त्यांनाच विचारलं, “या तीन डब्यांवरचे आकडे चुकलेत का?”

“चुकत्यात कसं? म्या सोताच्या हातानं फिरवल्यात ते.”

मला आठवतं, मी टेकायला काही मिळतं का ते बघितलं, आणि जे मिळालं तो प्रोजेक्टर होता, म्हणून उभीच राहिले.

“फिरवलेत म्हणजे?” मी विचारलं.

“आवो, शुक्रवारी दुपारी बायकांचा खेळ असायचा. खास बायकांसाठी. आजूबाजूच्या वाड्यांतनं बाया यायच्या. घरातलं आवरून एकच्या आत काय त्या सुटायच्या न्हाईत, म्हणून खेळ एकला. आता आमचं मशीन एकच. दर रिळाला दिवं लावायचं, रीळ बदलायचं, मग पुढं. बारा रिळं व्हायला साडेतीन वाजायचं. आन् साडेतीनला वरच्या वाड्यांस्नी जाणारी शेवटची एसटी!” चाचांनी हातानंच हॉर्न दाबला. “भाईरनं हॉर्न वाजला की निम्मं थेटर उठायचं. पडद्यावर गंगा मेलीच असं वाटायला लागल्यालं, आन् ह्या बाया पदरानं डोळं पुसत एसटीकडं पळत्यात. पिक्चर सुखाचा आन् बाया घरी जायच्या दुख्खं घिऊन. दर शुक्रवारी.”

“मग?”

“मग काय? चौदावं रीळ काडलं आन् अकराव्याच्या मागं लावलं. गंगा घरी गेली, ओटी भरली, हॉर्न वाजला, बाया हसत एसटीत. राहिलेली दोन रिळं ज्यास्नी बघायची त्यांनी बघावीत.”

“आणि ‘समाप्त’?” मी जवळजवळ ओरडलेच. “समाप्तची पाटी तेराव्याच्या शेवटाला कशी आली?”

“कापली आन् चिकटवली. मधीच समाप्त आलं आसतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या की.”

“एसटीला थोडं थांबायला सांगायचं ना चाचा,” मागून एक मुलगा म्हणाला.

“एकदा थांबली हुती. त्या दिशी कंडक्टरची बायको आत हुती.”

मुलं हसली. मी हसले नाही. “पण पुरुषांच्या खेळाला तरी सरळ लावायचं,” मी म्हटलं. माझा आवाज तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासारखा झाला होता.

“दर येळी कोण डबं फिरवत बसतंय? तसंच ऱ्हायलं. पुरुष मंडळी म्हणायची, पिक्चर लई भारी हाय, समजत न्हाई.”

एकवीस मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांना सगळ्यांना माझा लेख माहीत होता, कारण दर तिसऱ्या तासाला मी त्यांना त्याबद्दल ऐकवत असे. कुणीतरी घसा खाकरला. आणि चाचांनी नेमकं तेव्हाच विचारलं, “मॅडम, तुमी म्हणं ह्या पिक्चरवर लई मोठं लिवलंय. आणलंय का? वाचून दावा की थोडं.”

प्रूफं माझ्या पिशवीत होती. नाही आणली असं म्हणता आलं असतं. पण दोन मिनिटांपूर्वी एक खोटं पचलं नव्हतं, दुसरं घशाखाली उतरेना. मी कागद काढले आणि वाचलं:

“‘निगवेकर येथे काळाच्या सरळ रेषेशी धीटपणे खेळतात. सुख आधी आणि दुःख नंतर या मांडणीतून प्रेक्षकाला सुखाविषयीच संशय घ्यायला लावणारी ही दृष्टी तिच्या काळाच्या किमान वीस वर्षे पुढे आहे. अशा संकलनासाठी असामान्य प्रतिभा लागते.’”

चाचा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“एवढं समदं मी केलं व्हय?”

आणि मग जे हसू फुटलं त्याला आवर घालणं कुणाच्याच हातात नव्हतं. मुलं एकमेकांवर पडून हसली. प्रज्ञा भिंतीला टेकून हसली. चाचांना नक्की काय विनोद झाला ते कळलं नव्हतं, पण आपलं कौतुक झालंय एवढं कळलं होतं, म्हणून तेही हसले. आणि मी, जिचं दोन वर्षांचं काम आत्ताच पाण्यात गेलं होतं ती मी, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, पण ते कुणाला ओळखू आलं नसावं.

“प्रज्ञा,” मी शेवटी म्हटलं, “लॅबची चूक नव्हती.”

“नाही मॅडम.”

“तुझं बरोबर होतं.”

“हो मॅडम,” ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

चाचांनी त्या दिवशी आम्हाला चित्रपट सरळ क्रमानं दाखवला. तेराव्या रिळाच्या शेवटी ‘समाप्त’ आलं आणि त्यानंतर चौदावं रीळ सुरू झालं तेव्हा मुलांनी शिट्ट्या मारल्या. गंगा घरी गेली. ओटी भरली. चित्रपट साधा, सरळ आणि चांगला होता. त्यात माझ्या एकतीस पानांना कुठंही जागा नव्हती.

संध्याकाळी मी बुधकर सरांकडे गेले. सरांचं घर म्हणजे पुस्तकांच्या मधल्या वाटा. ते हिरव्या शाईचं पेन घेऊन माझ्याच लेखाचं शेवटचं प्रूफ बघत बसले होते.

“सव्विसाव्या पानावर ‘आभास’ हा शब्द सात वेळा आलाय,” ते म्हणाले. “दोन कापू?”

“सगळेच कापा सर,” मी म्हटलं आणि झालेलं सांगितलं.

सरांनी पूर्ण ऐकलं. मग पेनाला टोपण लावलं. “हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“चाचांना. माझ्या एकवीस मुलांना.”

“म्हणजे कुणालाच नाही.”

“सर!”

“अगं, बुधवारी मुलाखत आहे तुझी. हा लेख काढला तर तुझ्या नावावर काय आहे? उत्तरपत्रिका? आत्ता छापू. पुढच्या अंकात टीप देऊ की, प्रतीच्या क्रमाबद्दल काही शंका उपस्थित झाल्या आहेत. शंका उपस्थित होतातच. तेवढ्यासाठीच तर त्रैमासिकं असतात.” मग ते जरा सावरून बसले. “आणि मी स्वतः हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पाहिला आहे. मला शेवट तसाच आठवतो. नदी. पाणी. समाप्त. माझ्या पुस्तकात मी तसं लिहिलंय.”

हे खरं होतं. सरांच्या पुस्तकातल्या त्या दोन ओळींच्या आधारावर तर मी पुढे गेले होते.

“मग चाचा खोटं बोलतायत का?” मी विचारलं. “फिल्मवर आकडा छापलेला आहे सर. मी हातात धरून बघितलाय. आणि एका मुलीनं तो मला दाखवला तेव्हा मी तिला लॅबची चूक म्हणून सांगितलं. सगळ्यांसमोर. मला ते पुन्हा करायचं नाही. जागा गेली तर गेली.”

जागा जावी असं मला अजिबात वाटत नव्हतं. दर सहा महिन्यांनी पुढच्या सत्रात आपल्याला तास मिळणार का, याची वाट बघणं काय असतं ते माझं मलाच ठाऊक होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“शर्वरी, मी तो चित्रपट पाहिलाच नाही.”

“काय?”

“आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी पाहिला. त्या आठवड्यात मला कांजिण्या झाल्या होत्या. मोठेपणी सगळे त्याबद्दल बोलायचे, मग मीही बोलायला लागलो. शेवट मी नंतर कुणाकडून तरी ऐकला. बहुतेक तांबेखोलकडच्याच माणसाकडून.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटत गेलं. “पन्नास वर्षं! पन्नास वर्षं मी हा सिनेमा न बघता आठवतोय!”

सर इतके हसले की मला त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं.

“बस लिहायला,” पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले. “तुझी चूक तू लेखात लिही. माझी मी संपादकीयात लिहितो. उद्या दुपारी बारापर्यंत मजकूर छापखान्यात. आणि हे बघ, त्या ऑपरेटरबद्दल लिही. निगवेकर गेले खड्ड्यात.”

मी सरांच्याच टेबलाशी बसले. आयुष्यात पहिल्यांदा लिहिताना संदर्भाचं एकही पुस्तक उघडावं लागलं नाही. एक मशीन, चौदा रिळं, एक एसटी. जेवणाच्या वेळेपर्यंत नऊ पानं झाली होती. शनिवारी सकाळी आठला माझा तास होता आणि तो बुडवला तर तासिका कापली जाते, म्हणून मी पानं तशीच वर्गात नेली. एकवीस जणांत ती वाटून टाकली आणि म्हटलं, “आज प्रात्यक्षिक. यात काय चुकलंय ते सांगा.” त्यांनी मनापासून सांगितलं. एकानं माझं आवडतं वाक्य कापलं. एकीनं एसटीची वेळ दुरुस्त केली. प्रज्ञा म्हणाली, “मॅडम, तुम्ही लिहिलंय की, ‘आकडे जुळत नसल्याचे लक्षात आले’. कुणाच्या लक्षात आलं?”

मी तिच्या हातातलं पान घेतलं आणि तिचं नाव घातलं. मग लेखाच्या डोक्यावरही घातलं, माझ्या नावाशेजारी. त्या एका तासात शिकवणं कुठं संपलं, लिहिणं कुठं सुरू झालं आणि संपादन कुणी केलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिघी एकदाच एका खोलीत होत्या आणि भांडत नव्हत्या. पावणेबाराला मी छापखान्याच्या दारात होते.

बुधवारची मुलाखत पंधरा मिनिटं चालली. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी अंक वाचला होता.

“या लेखावर किती काळ काम केलंत?” त्यांनी विचारलं.

“आधीच्या, चुकलेल्या लेखावर दोन वर्षं. यावर एक दिवस.”

त्या मोठ्यानं हसल्या, बाकीचे समितीवाले त्या हसल्या म्हणून हसले, आणि जागा ज्यांच्या नावावर सात शोधनिबंध होते अशा एका गृहस्थांना मिळाली. मला पुढं दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली, पण ते तेव्हा कुठं माहीत होतं! निकाल शनिवारी कळला. त्या रात्री मी आईशी धड बोललेही नाही. रविवारी मात्र अंक पोचवायचा होता. प्रज्ञाला घेऊन मी तांबेखोलला गेले.

चाचा घरी होते. टॉकीजच्या मागेच घर. त्यांनी अंक उघडला, लेख काढला आणि बोट ठेवून सावकाश वाचू लागले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मी ‘संकलन’ या शब्दापुढे मूळ संकलकाच्या खाली ‘आणि तांबेखोल प्रतीसाठी बाबालाल मुल्लाणी’ असं छापलं होतं. तिथं ते बोट थांबलं. ते बोट तिथंच ठेवून बसून राहिले.

आतून एक बाई चहा घेऊन आल्या. पासष्टीच्या पुढच्या, उंच, चष्मा कपाळावर.

“ही माझी भण, जैबुन,” चाचा म्हणाले.

“काय लिवलंय ह्याच्यात?” जैबुनआत्यांनी विचारलं. “एसटीचं लिवलंय न्हवं? ह्यो समद्यांना एसटीच सांगतो.”

“एसटीमुळंच बदललं ना?” मी म्हटलं.

“एसटी तर आधीपास्नंच हुती. दोन वर्षं पिक्चर लागत हुता. तवा का न्हाई बदललं?”

“जैबुन,” चाचा म्हणाले, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

आत्या पाटावर बसल्या. “मला वरच्या वाडीत दिल्याली. तीन वर्सं झाली, मूल न्हाई. लई हाल केलं माजं. शुक्रवारी तेवढं सासू पिक्चरला न्यायची, तिलाबी आवड हुती म्हणून. तीन शुक्रवार म्या गंगेचा पिक्चर बघितला. दर बारीला गंगा नदीवर जाती, आन् हॉर्न वाजतो. तिसऱ्या बारीला जाता जाता मशीनघराच्या खिडकीपाशी गेले आन् ह्याला म्हणले, भाऊ, गंगेनं बरं केलं. आमच्या वाडीलाबी नदी हाय.”

प्रज्ञानं कप खाली ठेवला.

“म्या हिला म्हणलं,” चाचा खाली बघत म्हणाले, “अगं, पुढं अजून रिळं हायती. घरी जाती ती. तर ही म्हणली, तू भाऊ हाईस, तू असंच सांगणार. आन् गेली एसटीत. दुसऱ्या दिशी सकाळी सकाळी बसलो आन् रिळं फिरवली. पुढच्या शुक्रवारची वाट बघत. ती येती का न्हाई, त्येबी माहीत नव्हतं.”

“आले की,” आत्या म्हणाल्या. “आन् बघितलं. नवरा पोर घिऊन आला, गंगा घरी गेली, ओटी भरली. हॉर्न वाजला. सासू उठली, जाऊ उठली. मी न्हाई उठले.”

“म्हणजे?”

“म्हणजे बसूनच ऱ्हायले. सासूनं दोन हाका मारल्या, एसटी सुटाय लागली तशी पळाली. म्या ऱ्हायलेली दोन रिळं बघितली. गंगा नदीवर बसल्याली, तिचं त्ये समदं. आता त्याचं काय वाटलं न्हाई. ठावं हुतं न्हवं, ती घरी जाती म्हणून. मग ह्यानं मशीन बंद केलं आन् त्याच्या मागनं मीबी घरी आले. ह्याच घरी. त्या दिवसापास्नं हितंच हाय.” त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “चहा गार झाला तुमचा.”

मी एकतीस पानं लिहिली होती की, सुख आधी दाखवलं की पुढच्या दुःखात ते खोटं ठरतं. माझ्यासमोर बसलेल्या बाईनं तोच क्रम पाहिला होता आणि तिला तिचं उरलेलं आयुष्य मिळालं होतं. मी चहा प्यायले. गार झाला होता, पण त्यासारखा चहा मी नंतर कधी प्यायलेला नाही. गेलेल्या जागेचं दुःख मला परत येताना शोधूनही सापडलं नाही.

निघताना प्रज्ञानं विचारलं, “आत्या, हे लिहू का आम्ही? पुढच्या अंकात?”

“नगं. त्या घरातली माणसं हायती अजून. दीर, नणंदा. ती जाऊ देत आधी.”

“आणि तुम्ही?” प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं.

“मला काय घाई न्हाई,” जैबुनआत्या म्हणाल्या.

सोळा वर्षं आम्ही दोघींनी हे कुणाला सांगितलं नाही. प्रज्ञा आता स्वतः शिकवते, लिहिते आणि ‘पडद्यापार’ही तीच चालवते, आणि प्राध्यापकांच्या लेखांवर अजून तरी तिनं गुण दिलेले नाहीत. बाबालालचाचा गेले त्याला सहा वर्षं झाली. यंदाच्या मार्चमध्ये, मी वर्गात शिरत असताना, अनोळखी नंबरावरून फोन आला.

“शर्वरी का? जैबुन बोलतीया. शेवटचा दीर काल गेला. त्र्याण्णव वर्साचा हुता, लई वाट बघाय लावली. लिही आता.”

“नाव बदलू का आत्या?” मी विचारलं.

“का म्हणून? जैबुन महंमद मुल्लाणी. नीट लिही.”